वाकू नका

लग्न झाल्यापासून क्षिप्रा सारखी वाकत होती. देवापुढे, सासऱ्यांपुढे, सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांपुढे, आणि कोण कुठले ते न कळलेल्या एका आजोबांपुढे तर एकाच लग्नात दोनदा. डोंबिवलीला माहेरी ती फक्त पाडव्याला आणि परीक्षेच्या दिवशी वाकायची. इथे कोलशेतला सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी पांढऱ्या केसांचं शिरलं, की तिच्या सासूबाईंचा, हेमाताईंचा, डोळा जरासा हलायचा आणि आपला मजला यायच्या आत क्षिप्राचा नमस्कार उरकलेला असायचा. वाकायचंही जोडीने. नवीन लग्न झालेल्यांनी एकेकट्याने पाया पडू नये, असं या घरात होतं. त्यामुळे अद्वयसुद्धा हल्ली कुणी वडीलधारं दिसलं की आधी तिला शोधायचा आणि तिच्या कोपराला धरून म्हणायचा, "थांब, जोडीने करू."

तिने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. ती मुळातच कमी बोलायची. आवाज चढवणं तिला जमायचं नाही; रिक्षावाल्यालासुद्धा दोनदा हाक मारावी लागायची. पण बघायची मात्र सगळं. वाकून वाकून तिला ठाण्यातल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांचे पाय ओळखता येऊ लागले होते, आणि कुणाच्या नखांवरून कोण खडूस निघणार हेही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी, जेवणं झाल्यावर, दोघं बूट घ्यायला बाहेर पडली. अद्वयच्या ऑफिसातली मंडळी माहुली गडावर चालली होती आणि नव्या बायकोला घेऊन जायचं असं त्याने परस्पर कबूल करून टाकलं होतं.

"मी चपलेवर पण चढेन," क्षिप्रा म्हणाली.

"चढशील गं. उतरताना मला उचलून आणावं लागेल."

"तू मला उचलणार?"

अद्वय हसला. लग्नात त्याच्याकडे बघून तिच्या मामाने 'जावयाला जरा खाऊ घाला' असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. तो त्या वेळीही असाच हसला होता, आणि क्षिप्राला तो खरा आवडला होता तो तेव्हा.

दुकान खाडीच्या अंगाला होतं, एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये. 'शिखर आउटडोअर' अशी पाटी. आत गेलं की पुढच्या काचेच्या दाराचा उजेड दहा-बारा पावलं सोबत यायचा, मग राहून जायचा. खिडकी एकही नाही. वर लोखंडी तुळया, तुळयांना लटकलेल्या ट्यूबलाइटच्या ओळी आणि साखळ्यांनी टांगलेली एक लांबलचक लाल प्लास्टिकची होडी. खाली तंबू, दोर, सुरे, सायकली, टॉर्च. नव्या रबराचा वास एवढा दाट होता की तोंडात चव यावी. दुपारच्या त्या वेळी गिऱ्हाईक म्हणून हीच दोघं. दारापाशी काउंटरवर अक्षदा नावाची मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली आणि आत मॅनेजर राजरत्न, आंबिवलीहून रोज येणारा, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा.

"मॅडम, एक नंबर वरचाच घ्या. उतरताना अंगठा पुढे मारतो. मग नख काळं, मग तुम्ही मला शिव्या घालणार."

"त्या कुणाला शिव्या घालत नाहीत," अद्वय म्हणाला.

"नवीन लग्न दिसतंय," राजरत्न म्हणाला, आणि क्षिप्राला हसू आलं.

ती बुटकुल्या स्टुलावर बसली. समोर जमिनीलगत तिरका आरसा होता, पायातला बूट दिसावा म्हणून ठेवतात तसा. अद्वय कपाळाला बांधायचा दिवा डोक्याला लावून बघत होता. दिव्याचा गोल त्याच्या मानेबरोबर रॅकवरून फिरत होता.

तेव्हाच पलीकडून कुणीतरी विचारलं, "यात माणसाचं वजन पेलेल का?"

आवाज कोरडा होता. सॅकच्या रॅकपाशी एक म्हातारा उभा होता. पंच्याहत्तरी ओलांडलेली असावी. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पॉलिश केलेले काळे बूट, ताठ कणा. फक्त डावा खांदा खाली गेलेला, बादली उचलून उभं राहिल्यासारखा. तो आत आला कधी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"माणूस कशाला सर?" राजरत्न म्हणाला. "सत्तर लिटरची आहे. अख्खा संसार मावेल."

"मी पट्ट्यांचं विचारतोय. खांदे गेलेत माझे. वजन कमरेवर यायला हवं."

राजरत्नाने सॅक त्यांच्या पाठीवर चढवली, पट्टे ओढून दिले. सॅक रिकामी होती. पण पट्टे ताणले गेले आणि शर्टासकट खांद्यात रुतले, इतके की शिवण करकरली. राजरत्नाने चमकून सॅकचं तोंड उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

"नाही," सॅक उतरवून परत देत म्हातारा म्हणाला. "ही पण नाही चालणार."

अद्वयचा दिवा त्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. मग तो हळूच क्षिप्राजवळ आला. त्याचा श्वास फुलला होता.

"क्षिप्रा… हे खोपकर आहेत. विंग कमांडर हरिहर खोपकर."

हे नाव तिला लग्नाआधीच कळलं होतं. अद्वयच्या कपाटाच्या दाराला आतून एक वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला होता. तिच्या साड्या लागायला लागल्या तरी तो काढायचा नाही असं त्याने बजावलं होतं. त्याला एअरफोर्समध्ये जायचं होतं, डोळ्यांनी घात केला. फोटोतल्या माणसाची गोष्ट त्याने तिला साखरपुड्यानंतरच्या पहिल्याच भेटीत सांगितली होती. वाळवंटावर विमान पेटलं. दोघांचं विमान, पुढे खोपकर, मागे नकाशा बघून वाट सांगणारा गुरुदत्त. गुरुदत्त गेला. त्याचं प्रेत शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खोपकरांनी ते स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि दिवसा वाळूत लपत, अंधारात चालत, सीमेच्या अलीकडे आणलं. सापडले तेव्हा ते उभेच होते म्हणे. गाठी सोडवायला चार माणसं लागली.

"सर," अद्वय पुढे होत म्हणाला. त्याचा आवाज शाळकरी झाला होता. "सर, मी तुमचा… म्हणजे लहानपणापासून…" त्याचे हात आपसूक खाली निघाले आणि मध्येच थांबले. त्याने मागे वळून पाहिलं. "क्षिप्रा, ये ना. जोडीने करू."

क्षिप्राच्या एका पायात बूट होता, दुसरा पाय मोकळा, आणि नाडीची गाठ बसलेली. "आले," असं म्हणून ती गाठ सोडवू लागली. आणि नाडीकडे बघता बघता तिची नजर तिरक्या आरशात गेली.

आरशात खोपकरांचे काळे बूट दिसत होते. त्यांच्या मागे आणखी दोन पाय होते.

ते जमिनीला टेकलेले नव्हते. लटकत होते. एकात बूट होता, टाच उखडलेला. दुसरा अनवाणी, घोट्यापर्यंत काळा, आणि पुढे जिथे बोटं असावीत तिथे चिकटून एक झालेलं काहीतरी. खोपकरांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. मागचे पाय, पाठीवर झोपलेल्या पोराचे हलतात तसे, हलले.

क्षिप्राने मान वर केली. खोपकरांच्या मागे फक्त सॅकचा रॅक होता.

आपल्याला ऊन लागलंय, असं तिने स्वतःला सांगितलं. परत आरशात बघायची मात्र तिची छाती झाली नाही.

इकडे राजरत्नाला माणूस मोठा आहे एवढं कळलं होतं. "सर, तुम्ही एवढे मोठे, आमच्या दुकानात आलात, आणि सत्कार नाही? असं कसं चालेल?" त्याने रॅकवरून ट्रेकिंगचा टॉवेल ओढला, झटकून शालीसारखी घडी घातली. नारळ नव्हता, म्हणून पाण्याची स्टीलची बाटली घेतली. "शाल समजा, श्रीफळ समजा. सर, मोबाइलवर एक फोटो काढा," असं त्याने अद्वयला सांगितलं, खोपकरांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, बाटली हातात दिली, आणि रीतीप्रमाणे वाकला.

"वाकू नका."

खोपकरांनी पाय मागे घेतला, पण मागे रॅक होता. राजरत्नाची बोटं त्या पॉलिश केलेल्या बुटांना लागली, मग स्वतःच्या छातीला लागली. तो हसत उभा राहिला.

खोपकरांचा चेहरा, काचेचा पेला टेबलाच्या कडेकडे घरंगळताना लांबून बघणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"आता मी सांगतो ते करा," ते म्हणाले. "त्या खांबाला पाठ लावून बसा. डोकं मागे टेकवा. हनुवटी वर. काहीही झालं तरी खाली बघू नका."

"सर, मिलिटरी ती मिलिटरी," राजरत्न अद्वयला डोळा मारत म्हणाला.

"मी चेष्टा करत नाहीये. पाया पडू देत नाही मी कुणाला. वीस वर्षं लग्नाकार्याला गेलो नाही, ते त्याच्यासाठीच."

"कशासाठी सर?"

"त्या विमानात सीट बाहेर उडवायचा दांडा एकच होता," खोपकर म्हणाले. "ओढला की आधी मागची सीट उडते, मग पुढची. उडताना कणा सरळ लागतो. मान वाकलेली असेल तर मोडते. म्हणून ओढायच्या आधी मागच्याला ओरडून सांगायचं असतं." त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "गुरुदत्त नकाशावर वाकलेला होता."

दारापाशी अक्षदाच्या मोबाइलमधलं कसलं तरी गाणं बारीक वाजत होतं.

"माझ्यापुढे वाकलेलं माणूस त्याला दिसतं," खोपकर म्हणाले. "बसा लवकर."

त्यांनी त्याच हाताने खांबाकडे बोट दाखवलं. बाटली निसटली, ठण्णकन आपटली आणि गडगडत राजरत्नाच्या पायाशी गेली. दुकानातली वस्तू पडली की उचलायची, एवढंच त्या हाताला माहीत होतं. राजरत्न खाली वाकला.

आधी वास आला. रबराचा वास कापत रॉकेलचा, स्टोव्ह भडकल्यावर येतो तसा. मग कुठेतरी 'खट' झालं, पट्ट्याचं बक्कल बसावं तसं. वाकलेला राजरत्न उठेना. त्याने उठायचा प्रयत्न केला, हे क्षिप्राला स्पष्ट दिसलं. त्याचे हात गुडघ्यांवर रोवले गेले, मानेच्या शिरा तटतटल्या. पण मानेवर कुणीतरी गुडघा दाबून बसावं तशी त्याची हनुवटी छातीत घुसत चालली होती. "ए… कोण…" एवढं तो म्हणाला. बाकीचे शब्द घशातच चेंगरले.

मग तो उडाला.

पडला नाही, ढकलला गेला नाही. खालून तोफेने मारावा तसा सरळ वर गेला. मान मोडल्याचा आवाज जमिनीपाशीच झाला, ओला बांबू पिळून तोडल्यासारखा. वर त्याची पाठ त्या लाल होडीवर आदळली, डोकं लोखंडी तुळईवर. होडीची एक साखळी तुटली, होडी आडवी फिरली आणि ट्यूबलाइटची अख्खी ओळ ओढत खाली आली. ठिणग्या, काचा, आणि त्या सगळ्यात राजरत्न. तो खोपकरांच्या पायांशी येऊन आपटला. त्याचा चेहरा पाठीच्या बाजूला होता. रक्ताची एक चिळकांडी क्षिप्राच्या मोकळ्या पायावर उडाली. गरम होती.

आणि दुकानातले सगळे दिवे गेले.

अक्षदा किंचाळत दाराबाहेर पळाल्याचं ऐकू आलं. लांब तेवढी दाराची पांढरी चौकट दिसत होती. आत काळोख, कुठेतरी उंचावर साखळीचं करकर झुलणं, आणि तो वास.

अद्वयच्या कपाळावरचा दिवा चालू होता. तो गोल जमिनीवरून धावत राजरत्नापर्यंत गेला.

"अद्वय, नको," क्षिप्रा म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, कुणाला ऐकू जाणार नाही असा.

अद्वय गुडघ्यांवर बसला, राजरत्नाचं डोकं उचलायला पुढे झुकला आणि त्या धांदलीत त्याचं कपाळ खोपकरांच्या बुटाला लागलं.

"उठव त्याला," अंधारातून खोपकर म्हणाले. "मुली, उठव. तुझा नवरा आहे ना तो? मी हात लावला तर जास्त लवकर होईल."

क्षिप्रा धावली. एक पाय बुटात, एक अनवाणी, काचांवरून. तिने अद्वयला काखेत धरून मागे ओढलं. तो उठला, कारण त्याला अजून काही कळलं नव्हतं. "अगं, तो गेला… त्याची मान बघ…" असं म्हणत तो तिच्याबरोबर ओढला गेला. तिने त्याची पाठ जवळच्या लोखंडी खांबावर आपटली.

"डोकं मागे," ती म्हणाली. "मागे टेकव."

"काय करतेस तू?"

'खट'.

या वेळी तो आवाज अगदी जवळ झाला. त्याच्या पाठीमागे, जिथे खांबाशिवाय काही नव्हतं.

अद्वयच्या कपाळावरचा दिवा समोरच्या तंबूवर होता. तो गोल खाली सरकू लागला. तंबूच्या शेंड्यावरून दारावर, दारावरून जमिनीवर.

"क्षिप्रा," अद्वय म्हणाला, "कोणीतरी माझी मान…"

तिने दोन्ही तळवे त्याच्या हनुवटीखाली घातले आणि वर रेटलं. गोल क्षणभर थांबला. मग परत खाली. ते दाबणारं जे होतं त्याला घाई नव्हती. अद्वयच्या गळ्यातून घरघर येऊ लागली. त्याचे हात भेलकांडत तिच्या तोंडावर आपटले, तिचा ओठ फुटला.

"पट्टा," खोपकर म्हणाले. "हाताने होणार नाही. सीटला बांधतात तसा बांध. कपाळ आधी, मग छाती."

डाव्या हाताला सामान आवळायच्या पट्ट्यांचा रॅक होता. तिने एक खेचला. तेवढ्या वेळात तिचा एक हात सुटला आणि अद्वयची हनुवटी छातीला लागली. त्याच्या मानेत बारीकसं काहीतरी वाजलं.

क्षिप्राने बूट घातलेला पाय उचलला आणि दाबाने खाली बसत चाललेल्या नवऱ्याच्या हनुवटीखाली लाथ मारली.

दात दातांवर आपटले, डोकं झटक्याने मागे गेलं, खांबाचा टणत्कार झाला. तिने त्याच्या केसांत बोटं खुपसून डोकं तिथंच दाबून धरलं, पट्टा कपाळावरून खांबामागे नेला, बक्कलात घालून ओढला. दुसरा छातीवरून. तो रडत होता आणि त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि ती एका पायाचा जोर खांबाला लावून पट्टा ओढत होती. पट्टा त्याच्या कपाळाच्या कातड्यात उतरला. दिव्याचा गोल थरथरत वर चढला, छतावर गेला, तुळईवर लागलेल्या राजरत्नाच्या रक्तावर स्थिर झाला.

"हनुवटी वर," ती म्हणाली. "अद्वय, वर बघ. फक्त वर बघ."

"अजून घट्ट," खोपकर म्हणाले. "आणि तू बाजूला हो. आता."

ती बाजूला झाली, आणि तो दणका आला.

खांब खालपासून वरपर्यंत घणघणला. अद्वयचं अख्खं शरीर वर फेकलं गेलं आणि पट्ट्यांत अडकलं. एक बक्कल फुटून भिंतीवर गोळीसारखं लागलं. दोन्ही खांदे निखळल्याचा आवाज तिने ऐकला. त्याच्या नाकातून, कानांतून रक्त आलं. रॅक धडाधड कोसळले, सुरे जमिनीवर सांडले. मग सगळं थांबलं.

रॉकेलचा वास एकदम नाहीसा झाला. कुणी झाकण लावावं तसा.

अद्वय पट्ट्यांत लोंबकळत होता. क्षिप्राने त्याच्या छातीला कान लावला. आत ठोके होते, जोरात, वेडेवाकडे.

"जिवंत आहे?" खोपकरांनी विचारलं.

"आहे."

ते पुढे आले. दिव्याच्या तिरप्या उजेडात तिला दिसलं, की त्यांचा डावा खांदा वर आला होता. उजव्याच्या रेषेत. त्यांनी तो एकदा फिरवून पाहिला, मग दुसऱ्यांदा. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून क्षिप्राला त्यांची जेवढी किळस आली तेवढी राजरत्नाच्या उलट्या फिरलेल्या चेहऱ्याचीही आली नव्हती. ते सुखावले होते.

"आजवर कुणी वाचलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यामुळे पुढे काय होतं ते मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही, मुली."

"काय होणार पुढे?"

त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून नीट घडी केली, राजरत्नाच्या तोंडावर टाकली. मग काचांवरून वाट काढत दाराकडे निघाले. चौकटीतल्या उन्हात पोचल्यावर थांबले.

"तो बोलला की उत्तर द्यायला सांग," मान न वळवता ते म्हणाले. "मी कधी दिलं नाही."

आणि ते बाहेर पडले, तरुण माणसासारखे, पायरी न बघता.

अँब्युलन्स यायला वेळ लागला. आलेल्यांनी वर बघितलं, तुटलेली साखळी बघितली, खाली पडलेली होडी बघितली आणि आपसांत ठरवून टाकलं. होडी डोक्यात पडली. दोघांच्या. खांबाला का बांधलंय, असं एकाने विचारलं, तेव्हा क्षिप्रा म्हणाली, "मान हलू नये म्हणून." तो म्हणाला, "हुशार आहात ताई." अद्वयच्या मानेला कॉलर लावली, पट्टे कापले, स्ट्रेचर आणलं.

दोघांनी उचललं आणि परत खाली ठेवलं.

"किती वजन आहे साहेबांचं?" पुढचा म्हणाला. त्याने अद्वयच्या काटकुळ्या पायांकडे बघितलं, मग जोडीदाराकडे. शेवटी बाहेर जमलेल्यांतून आणखी दोघांना बोलवावं लागलं. चौघंही अँब्युलन्सपर्यंत जाताना धापा टाकत होते.

क्षिप्रा मागे त्याच्याजवळ बसली. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी तो 'ताई' म्हणणारा. मधली खिडकी उघडी होती, त्यातून दोघांची डोकी दिसत होती आणि त्यांच्यापुढे कोलशेतचा उन्हाने पांढरा पडलेला रस्ता. सायरन सुरू झाला. अँब्युलन्स एका बाजूला दबून चालली होती, मागचं टायर बसल्यासारखी.

तिने अद्वयचा हात हातात घेतला. फुटलेल्या ओठाने हसायचा प्रयत्न केला.

"दुखतंय का रे?"

"नाही." त्याचे डोळे छताला लागलेले होते. कॉलरमुळे त्याला तेवढंच बघता येत होतं. "जड वाटतंय. खालून."

"पोचलोच आपण."

तो गप्प राहिला. कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघावी तसा. मग म्हणाला, "हो. ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"तुला नाही. याला म्हणालो."

तिच्या हातातला हात थंडगार पडला होता, की तिचाच पडला होता, ते तिला कळेना. तो काय पुटपुटतोय ते ऐकायला ती त्याच्या तोंडाजवळ झुकली.

"क्षिप्रा, अशी वाकू नकोस," अद्वय अगदी हळू म्हणाला. "नीट बस म्हणतोय. डोकं मागे टेकव म्हणतोय. म्हणतो, मी खोपकरसारखा नाही. मी आधी सांगून करतो."

क्षिप्रा सरळ झाली. सावकाश, हिसका न देता, तिने पाठ अँब्युलन्सच्या पत्र्याला लावली. डोकं मागे टेकवलं, हनुवटी वर केली. डोळे तेवढे तिरपे करून तिने मधल्या खिडकीतून पुढे पाहिलं.

आता तिथे एकच डोकं दिसत होतं. ड्रायव्हरचा मोबाइल खाली पडला होता, आणि तो उचलायला शेजारचा माणूस वाकला होता.

तिने ओरडायला तोंड उघडलं. रॉकेलचा वास आला.